काळे डबे, पिवळे डबे: प्लॅस्टिकच्या भांड्यांतलं शिसं, कॅडमियम आणि आपला स्वयंपाक

रेवती_नाशिक

प्लॅस्टिकच्या डब्यांचा विषय निघाला की गाडी 'बीपीए फ्री'वर येऊन थांबते. डब्यावर तेवढं छापलेलं असलं की आपण निश्चिंत. पण बीपीए हे एक सेंद्रिय रसायन आहे आणि त्याचा संबंध मुख्यतः पॉलिकार्बोनेटशी. डब्याला तो झगझगीत पिवळा, केशरी किंवा लाल रंग कशानं आला, हा प्रश्न त्यात येतच नाही. तळाच्या त्रिकोणातल्या आकड्याचंही तेच. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, एवढंच तो सांगतो. आत कोणतं रंगद्रव्य घातलंय, हे त्यावरून कळत नाही.

मला काळजी आहे ती जड धातूंची. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट, केशरी-लालसाठी मोलिब्डेट ऑरेंज (या दोन्हींत शिसं असतं) किंवा कॅडमियमची संयुगं, ही रंगद्रव्यं प्लॅस्टिक उद्योगात अनेक दशकं सर्रास वापरली गेली. युरोपनं बहुतेक प्लॅस्टिकमध्ये कॅडमियमवर ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे घराघरांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे डबे अजून वापरात आहेत. आमच्याकडच्या एका केशरी डब्यात वर्षानुवर्षं लिंबाचं लोणचं मुरायचं. आतून हात फिरवला तर खरखरीत लागतो, चमच्याच्या ओरखड्यांच्या रेघा दिसतात आणि जिथवर खार असायचा तिथवर रंग फिकट झालाय. तो रंग गेला कुठे?

दुसरा प्रश्न हॉटेलच्या पार्सलच्या काळ्या डब्यांचा. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर पातळ पिशव्या कमी झाल्या आणि हे डबे वाढले. आपण ते धुऊन परत वापरतो. यातलं प्लॅस्टिक नक्की कुठून येतं? इथे या धंद्यातली आणि प्रयोगशाळेत काम करणारी मंडळी आहेत, त्यांनी जरूर लिहावं.

दाणेवाला_भोसरी

ताई, चांगला धागा. मी इंजेक्शन मोल्डिंगमध्ये आहे, फर्निचर आणि घरगुती माल दोन्ही केलाय.

मशीनमध्ये जातो तो दाणा. तो दोन प्रकारचा, व्हर्जिन म्हणजे नवा आणि रिप्रोसेस म्हणजे भंगारातून बनवलेला. त्यात रंगासाठी मास्टरबॅच, म्हणजे रंगद्रव्य दाटून भरलेले दाणे, टाकतात, साधारण दोन ते चार टक्के. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि काळ्यासाठी कार्बन ब्लॅक, यांत शिसं-कॅडमियम नसतं. पिवळ्या ते लाल या पट्ट्यात खरी गडबड होते. लेड क्रोमेट स्वस्त असतं, थोड्यात दाट रंग देतं आणि मशीनच्या उष्णतेत टिकतं. कॅडमियमचे रंग तर तीनशे अंशांनाही हलत नाहीत. बिनधातूचे सेंद्रिय पिवळे-लाल रंग मिळतात, चांगले कारखाने तेच घेतात, पण ते महाग पडतात आणि काही उष्णतेत करपतात. किलोवर विकायच्या मालासाठी कोण काय घेत असेल, ते सांगायला नको.

आता काळं. भंगारातून आलेलं रंगीबेरंगी प्लॅस्टिक एकत्र वितळवलं की मातकट, हिरवट रंग येतो. तो लपवायला एकच रंग चालतो, काळा. धारावीच्या तेरा कंपाउंडला कधी गेलात तर दिसेल: पोती सोडून माल हातानं निवडतात, ग्राइंडरमध्ये त्याचे बारीक तुकडे करतात, पिंपात धुतात, पत्र्यावर वाळत घालतात आणि मग त्याचा दाणा पाडतात. निवडणारे कामगार कमालीचे तयार असतात. तुकडा दाताखाली धरून, जाळून, वासावरून प्लॅस्टिक ओळखतात. पण टीव्हीच्या कॅबिनेटमध्ये घातलेलं रसायन कोणाच्याच नाकाला कळत नाही. टीव्ही-कॉम्प्युटरच्या कव्हरात आग रोखण्यासाठी ब्रोमीनची रसायनं असतात आणि त्यांच्या जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड, म्हणजे अँटिमनी या धातूचं संयुग. केबलच्या पीव्हीसीतून आणि सोल्डरमधून शिसं येतं. हे सगळं एकदा काळ्या दाण्यात मिसळलं की वेगळं काढता येत नाही. परदेशातल्या यांत्रिक निवडीतही काळं प्लॅस्टिक सुटतं, कारण कार्बन ब्लॅक इन्फ्रारेड किरण शोषून घेतो आणि सेन्सरला ते दिसतच नाही.

तरी एक गोष्ट नीट समजून घ्या. टीव्हीची कव्हरं एबीएस किंवा हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन या कडक प्लॅस्टिकची असतात आणि पार्सलचे पातळ डबे पॉलिप्रॉपिलिनचे. ही दोन प्लॅस्टिकं एकमेकांत धड मिसळत नाहीत. मिसळली तर डबा ठिसूळ होतो, पापुद्रे सुटतात. त्यामुळे चांगल्या कंपनीचा पातळ काळा डबा बहुधा व्हर्जिनचाच असतो. मला जास्त भीती जाड काळ्या वस्तूंची वाटते. उलथणी, चमचे, ट्रे, भांड्यांच्या मुठी.

आकडेमोड

उलथण्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. २०२४ च्या शेवटी 'काळी उलथणी फेकून द्या' अशा बातम्यांचा पूर आला होता. अमेरिकेतल्या एका संस्थेनं काळ्या प्लॅस्टिकच्या २०३ वस्तू तपासल्या होत्या. त्यांनी आगरोधक रसायनाचं रोजचं सेवन ३४,७०० नॅनोग्रॅम धरलं आणि ते सुरक्षित मर्यादेच्या जवळ पोचतं असं लिहिलं. मर्यादा होती वजनाच्या दर किलोमागे ७,००० नॅनोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती ४,२०,००० होते. निबंधात छापलं होतं ४२,०००. एक शून्य गळलं होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे जो श्वार्झ यांनी ते दाखवून दिलं आणि नंतर दुरुस्ती छापली गेली. म्हणजे सेवन मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

शिवाय तो अभ्यास आगरोधकांचा होता, जड धातूंचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींची खिचडी झालीय. कोणती वस्तू, कोणतं रसायन आणि किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय घरातलं सामान फेकू नका.

रेवती_नाशिक

@आकडेमोड, शून्याचा मुद्दा मान्य. पण हिशेब दुरुस्त झाला तरी स्वयंपाकाच्या वस्तूत टीव्हीच्या कव्हराचं रसायन सापडलं, ते सापडलंच. त्याआधी २०१८ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातले अँड्र्यू टर्नर यांनी सहाशेहून जास्त काळ्या वस्तू एक्सआरएफ यंत्रानं, म्हणजे क्ष-किरणांनी वस्तूतली मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रानं, तपासल्या होत्या. त्यात खेळणी होती, चमचे होते, अन्नाचे डबेही होते. ब्रोमीन, अँटिमनी आणि शिसं यांचा माग तिथेही ई-कचऱ्याकडेच गेला. जेवणाच्या चमच्यात या गोष्टींचं कामच काय?

मापन

मी अन्न-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय. वर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येताहेत, त्या सोडवतो.

एक, प्लॅस्टिकमध्ये धातू किती आहे. दुसरी, त्यातला अन्नात किती उतरतो. एक्सआरएफची बंदूक पहिली गोष्ट सांगते, तीही वस्तू न फोडता, मिनिटभरात. दुसरी कळण्यासाठी डब्यात द्रावण भरून ठेवावं लागतं. आपल्याकडे त्याचं मानक आयएस ९८४५. आंबट पदार्थांच्या जागी तीन टक्के ॲसेटिक ॲसिड वापरतात आणि साठवणीच्या वापरासाठी ४० अंशांना दहा दिवस ठेवतात.

आकडा घेऊन पाहू. पन्नास ग्रॅमचा डबा आहे आणि त्यात १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, शिसं आहे. म्हणजे डब्यात एकूण ५ मिलिग्रॅम, अर्थात ५,००० मायक्रोग्रॅम शिसं झालं. बहुतेक सगळं प्लॅस्टिकच्या जाळ्यात अडकलेलं असतं आणि तिथेच राहतं. समजा त्याचा हजारावा हिस्सा अन्नात आला, तर ५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न आणि औषध प्रशासनानं) लहान मुलांसाठी अन्नातून येणाऱ्या शिशाची जी संदर्भ पातळी ठरवलीय, ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे 'अडकलेलं असतं' हे खरं असलं तरी मी त्यावर निर्धास्त होणार नाही. जुन्या, स्वस्त मालात शिसं १०० पीपीएमच्या कितीतरी पटींनी असू शकतं.

धातू सुटायला चार गोष्टी हातभार लावतात: आंबटपणा, उष्णता, वेळ आणि खराब झालेला पृष्ठभाग. तुमच्या लोणच्याच्या डब्यात उष्णता सोडून बाकी सगळं आहे. दहा दिवसांच्या चाचणीत पास झालेल्या डब्यात आपण लोणचं वर्षभर ठेवतो, हाही विचार व्हायला हवा. रंग कुठे गेला विचारलंत. सगळा अन्नात गेला असं नाही, काही पृष्ठभाग झिजून घासणीबरोबर गेला असेल. पण तो डबा अन्नासाठी आता वापरू नका. खिळे, स्क्रू ठेवा त्यात.

जाता जाता अँटिमनीबद्दल. पाण्याच्या बाटल्या ज्या पारदर्शक 'पेट' प्लॅस्टिकच्या असतात, त्यात ते असतंच, कारण पेट बनवताना अँटिमनी ट्रायऑक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरतात. साधारण २०० ते ३०० पीपीएम उरतं. घरातल्या तापमानाला पाण्यात फार कमी उतरतं. साठ अंशांच्या पुढे वेग झपाट्यानं वाढतो. म्हणून उकळतं पाणी किंवा गरम काढा पेटच्या बाटलीत ओतू नये आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत आठवडेच्या आठवडे राहिलेली बाटली पिऊ नये. आपल्या नियमांत अन्नात उतरणाऱ्या अँटिमनीची मर्यादा किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम आहे.

बालवैद्य

लहान मुलं बघते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं. आणि मुलाला लोहाची कमतरता असेल तर आणखी वाढतं, कारण आतड्यात दोघांची वाट बरीचशी एकच आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, म्हणजे मला हा विषय का महत्त्वाचा वाटतो ते कळेल. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे.

शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीच नाही. लक्षणंही ठळक नसतात. मूल चिडचिड करतं, अभ्यासात मागे पडतं, भूक नाही म्हणतं. कोणाला डब्याचा संशय येणार? शिसं काढायची औषधं असतात, पण ती साधारण डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढच्या पातळीला. त्याखाली एकच उपाय, स्रोत शोधून दूर करणं, आणि लोह-कॅल्शियम नीट मिळेल असा आहार.

मात्र प्रमाण सोडू नका. भारतात मुलांच्या शरीरात शिसं जाण्याचे मोठे रस्ते वेगळे आहेत: उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या, भिंतींचे जुने रंग, भेसळीचे मसाले, काही सुरमे आणि काही भस्मं. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळत होते, रेवतीताईंनी वर लिहिलेलं तेच रंगद्रव्य. तिथल्या सरकारनं २०१९ नंतर छापे टाकले, दंड केले आणि दोन वर्षांत बाजारातली शिशाची हळद जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

सिअ‍ॅटलकर

बालवैद्यताईंच्या यादीत एक भर, विषयाला लागूनच आहे. आम्ही राहतो त्या सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीत (अमेरिकेतला जिल्हा) अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तात शिसं जास्त आढळलं, म्हणून आरोग्य खात्यानं त्यांची घरं धुंडाळली. सापडली ॲल्युमिनियमची भांडी. कढया, पातेली आणि प्रेशर कुकर. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिसं होतं आणि आंबट पदार्थ शिजवला की उतरत होतं. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं भांड्यांतल्या शिशावर कायदा केला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एफडीएनं देशभर इशारा दिला, त्यात 'हिंडालियम' नावानं विकल्या जाणाऱ्या भारतीय भांड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. इकडे येताना बॅगेत घातलेल्या आईच्या कढया आमच्या मंडळातल्या कितीतरी घरांत आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. प्लॅस्टिक टाकून जुन्या हिंडालियमकडे वळाल तर उपयोग नाही. किंग काउंटीच्याच तपासणीत स्टेनलेस स्टील फार चांगलं ठरलं.

माजघर

मग पितळेचं काय? सासूबाई म्हणतात, कल्हई केलेल्या पातेल्यासारखं दुसरं नाही. आणि लोणच्याला चिनी मातीची बरणी चालेल ना?

मापन

@माजघर, कल्हई शुद्ध कथलाची असेल तर उत्तम. पण कथील महाग आणि शिसं स्वस्त, त्यामुळे त्यात शिसं मिसळण्याचा मोह असतो. सोल्डरची तार वितळवून कल्हई करणारा असेल तर ते भांडं स्वयंपाकाला घेऊ नका, त्या तारेत बहुधा शिसं असतं. कथलाची कांडी आपण आणून द्यावी आणि समोर बसून करून घ्यावी. नवसागराचा धूर निघाल्यावर वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं फिरवतात, तेव्हा आपलीच कांडी लावली का ते समोर दिसतं.

बरणी: जुन्या पद्धतीची, भरपूर तापमानाला भाजलेली, साधी पांढरी-तपकिरी बरणी चांगली. आतल्या बाजूला रंगीत नक्षी असलेल्या शोभेच्या भांड्यात आंबट ठेवू नका, ग्लेझमध्ये आणि नक्षीच्या रंगात शिसं-कॅडमियम असू शकतं. २०१० मध्ये मॅकडोनाल्ड्सनं अमेरिकेत १ कोटी २० लाख कार्टूनचे ग्लास परत मागवले होते, ते बाहेरच्या चित्राच्या रंगातल्या कॅडमियममुळे. लोणच्याला सर्वांत सोपं उत्तर म्हणजे साधी काचेची बरणी.

दाणेवाला_भोसरी

कायद्याचंही सांगतो, कारण 'भारतात नियमच नाहीत' असं कोणीतरी लिहिणारच. नियम आहेत. एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे पॅकेजिंगचे नियम आहेत, त्यात अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकचे रंग आयएस ९८३३ च्या यादीतलेच हवेत आणि रिप्रोसेस प्लॅस्टिक चालत नाही. २०२२ पासून अपवाद फक्त ठरलेल्या प्रक्रियेतून गेलेल्या पेटचा.

अडचण इथे आहे की ते नियम पॅकिंगला लागतात आणि विकणारा म्हणतो, 'हा तर घरगुती डबा, यात काय भरायचं ते गिऱ्हाईक ठरवतं.' आठवडी बाजारात ढिगानं लावलेले रंगीत डबे, तांबे, गाळण्या, यांच्यावर ना कंपनीचं नाव ना कसला छाप. कोण तपासणार आणि कोणाला पकडणार? माझं ठाम मत आहे की गिऱ्हाइकाच्या मागे लागण्यापेक्षा दाणा आणि मास्टरबॅच विकला जातो तिथेच तपासणी हवी. मोल्डिंगवाले हजारो आहेत, मास्टरबॅच बनवणारे त्या मानानं मोजके.

घेताना बघायचं ते एवढंच. झाकण उजेडासमोर धरा. आत ठिपके, नागमोडी रेघा, रंगाचे ढग दिसले तर दाणा मिसळीचा. रॉकेलसारखा किंवा जळका वास आला तर ठेवून द्या. यात पास झालं म्हणजे धातू नाही असं नव्हे, पण नापास झालेलं तरी घरात येणार नाही. आणि रंगच नको असेल तर 'नॅचरल' मागा, दुधी, अर्धपारदर्शक दिसतं ते. त्यात रंगद्रव्य घातलेलं नसतं.

आकडेमोड

घरी तपासायच्या त्या रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात ऑनलाइन. त्यांचा उपयोग?

मापन

त्या भिंतीच्या रंगासाठी केलेल्या आहेत. प्लॅस्टिकच्या आत अडकलेलं शिसं त्यांना सापडेलच असं नाही. काडी कोरी राहिली म्हणून डबा सुटला असं समजू नये.

अन्नपूर्णा_पोळीभाजी

धागा वाचून झोप उडाली हो. आमचा बचत गटाचा डब्यांचा व्यवसाय आहे. रस्सा, आमटी, कढी, सगळं गरमागरम काळ्या डब्यांतूनच जातं. पांढऱ्यात हळदीचे डाग दिसतात म्हणून काळे घेतो. पुरवठादाराला आज फोन केला, त्यानं लगेच तपासणीचा कागद पाठवला. सगळीकडे 'पास' आहे. त्यात अजून काय बघू?

मापन

अन्नपूर्णाताई, विचारलंत हे फार बरं केलंत. चार गोष्टी बघून इथे लिहा. नमुन्याचं वर्णन काय आहे, तारीख कोणती, चाचणी कोणत्या द्रावणात आणि किती तापमानाला केली, आणि धातूंचे आकडे वेगळे दिलेत का नुसतं एकूण स्थलांतर, म्हणजे डब्यातून उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांचं मिळून वजन, दिलंय. एकूण स्थलांतराची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम असते. त्यात डबा आरामात पास होतो आणि शिशाबद्दल काहीच कळत नाही.

अन्नपूर्णा_पोळीभाजी

बघितलं. नमुना: 'पीपी कंटेनर, नॅचरल'. तारीख तीन वर्षांपूर्वीची. द्रावण पाणी. धातूंचा वेगळा रकाना नाही.

मापन

मग हा कागद तुमच्या डब्याचा नाही. नमुना बिनरंगी होता आणि तुम्ही घेता काळा. पाण्यात केलेली चाचणी कढी-आमटीला लागू होत नाही. पुरवठादाराला लिहून कळवा: काळ्याच डब्याचा, तीन टक्के ॲसेटिक ॲसिडमधला, गरम भरण्याच्या तापमानाचा आणि शिसं, कॅडमियम, अँटिमनी यांचे आकडे असलेला नवा अहवाल द्या. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली प्रयोगशाळा हे करून देते. तोवर गरम आणि आंबट काळ्यात भरू नका.

दाणेवाला_भोसरी

आणि तो अहवाल देत नसेल तर नॅचरल डबे घ्या, त्याच साच्यातून निघतात, भावात फार फरक पडू नये. डाग पडले तर पडू देत.

अन्नपूर्णा_पोळीभाजी

गटात बोलले. कोरड्या भाजी-पोळीला नॅचरल डबे सोमवारपासून. रोजच्या गिऱ्हाइकांना रस्सा-आमटी स्टीलच्या डब्यात, अनामत घेऊन. दोघी जणी म्हणाल्या डबे परत येणार नाहीत, पण बहुतेक गिऱ्हाइकं एकाच सोसायटीतली आहेत, गोळा करणं जमेल. पुरवठादाराला पत्र पाठवलंय, उत्तर आलं की अहवाल इथे टाकते, मापनदादांनी बघून सांगावं.